लिनक्स म्हणजे नुसती काळी स्क्रीन?

"लिनक्स घातलं की माऊस विसरा, सगळं काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करून" हा फॉरवर्ड आमच्या फोंड्याच्या ग्रुपवर चतुर्थीच्या माटोळीसारखा दरवर्षी परत येतो. सुरुवातीला बरंचसं तसंच होतं, म्हणून पटतं. पण लिनक्स हा कॉम्प्युटर चालवणारा आतला गाभा, डेस्कटॉप (माऊसने चालणाऱ्या खिडक्या, आयकॉन) हा त्यावर बसवलेला वेगळा थर. केडीई नि ग्नोम हे असेच डेस्कटॉप, केडीईचं काम १९९६ मध्ये सुरू झालं नि ग्नोमचं १९९७ मध्ये. विंडोजची सवय असेल तर केडीई लगेच जमतो, जुन्या लॅपटॉपला एक्सएफसीई हा डेस्कटॉप बरा (हे माझं मत हां). एकाच मशीनवर दोन्ही डेस्कटॉप ठेवा, लॉगिन करताना हवा तो निवडा. खात्री करायचीय? पेनड्राइव्हवर उबुंटू (लिनक्सचाच एक तयार प्रकार) टाका, त्यावरून बूट करा म्हणजे कॉम्प्युटर सुरू करा, इन्स्टॉल न करता नुसतं 'ट्राय' निवडा, माऊसने फिरून बघा, पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट केलं की तुमचं विंडोज होतं तसंच.