अंगठ्याची शीर की मनगटातली नस? डी क्वेरवेन आणि कार्पल टनेल ओळखायचे कसे

कोल्हापूर भागात मनगटाच्या दोन वेगवेगळ्या दुखण्यांना एकच नाव मिळतं: "नस दबलीया." मग दोघांनाही औषधाच्या दुकानातून तोच काळा इलॅस्टिकचा पट्टा आणि त्याच बी-१२च्या कॅप्सूल. यातल्या एका दुखण्यात नसेचा काही संबंध नसतो. दुसऱ्यात नस खरोखरच दबलेली असते. आणि तो पट्टा दोघांच्याही फारसा कामाचा नसतो.

पहिलं दुखणं डी क्वेरवेनचं. फ्रिट्झ डी क्वेरवेन या स्विस सर्जननं १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. अंगठा ताणून बाजूला उचला. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेला एक खड्डा पडतो. त्या खड्ड्याच्या तळहाताकडच्या कडेनं दोन टेंडन, म्हणजे कंडरा जातात: एक अंगठा बाजूला नेणारी, दुसरी तो सरळ करणारी. मनगटाचं हाड जिथे उंचवट्यासारखं हाताला लागतं, तिथे या दोन्ही एका अरुंद आवरणातून सरकतात. सायकलच्या ब्रेकची तार नळीतून सरकते, तशाच. हे आवरण जाड झालं की सरकताना घर्षण होतं आणि कळ येते. याला सर्रास 'टेंडनची सूज' म्हणतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक वेळा दाहाच्या पेशी कमीच दिसतात; दिसतं ते जाड झालेलं, पोत बिघडलेलं आवरण. म्हणून सुजेची गोळी घेतली की चार दिवस बरं वाटतं आणि गोळी थांबली की दुखणं पुन्हा जागेवर.

दुसरं दुखणं कार्पल टनेलचं. तळहाताच्या बुडाशी, मनगटाच्या घडीच्या लगेच पुढे, खाली हाडांची कमान आणि वर एक जाड पट्टीसारखा अस्थिबंध. मधल्या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस जाते, ती मीडियन नर्व्ह. जागा मोजकीच. कंडरांची आवरणं सुजली, अंगात पाणी साठलं किंवा मनगट फार वेळ वाकलेलं राहिलं की आतला दाब वाढतो, आणि त्या गर्दीत सगळ्यात आधी तक्रार करते ती नस.

दुखतं कुठे आणि कधी

एवढ्या एका प्रश्नावर निम्म्याहून अधिक निवाडा होतो.

डी क्वेरवेनचा रोगी बोट ठेवून जागा दाखवतो: अंगठ्याकडची कड, त्या उंचवट्यावर. कळ कधी अंगठ्यात उतरते, कधी कोपराकडे चढते. दाबलं की ओरडतो. तिथे थोडी फुगवटी असू शकते, कधी कर्र असं जाणवतं. बधिरपणा सहसा नसतो. हालचाल केली की दुखतं, हात स्वस्थ ठेवला की शांत. म्हशीची धार काढताना, कपडे पिळताना, सांडशीनं जड पातेलं उचलताना, काखेत हात घालून बाळाला उचलताना कळ येते. शेवटचं कारण फार महत्त्वाचं आहे. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत मनगट धरून बसणाऱ्या आईला बहुधा हाच त्रास असतो.

कार्पल टनेलचा रोगी बोट ठेवत नाही, आख्खा हात झटकून दाखवतो. "हात बधिर पडतोय, रात्री झोपमोड होती," हे त्याचं गाऱ्हाणं. पहाटे तीनला जाग येते, हात पलंगाखाली लोंबकळवून झटकला की पाच मिनिटांत बरं वाटतं. मुंग्या येतात त्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अंगठ्याकडच्या अर्ध्या भागात. करंगळी सुटते, कारण तिची नस वेगळी आणि ती या बोगद्यातून जात नाही. रोग्याला विचारलं तर तो 'सगळीच बोटं' म्हणतो. म्हणून आज रात्री जाग आल्यावर करंगळी चिमटून पाहा, असं सांगावं लागतं. दिवसा मोपेडचं हँडल धरल्यावर किंवा फोन कानाला लावल्यावर मुंग्या सुरू होतात. पुढे शर्टाची बटणं लागत नाहीत, हातातला कप निसटतो. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, तर पुष्कळ उशीर झाला असं समजावं.

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, अंगात पाणी साठून कार्पल टनेल होतो आणि प्रसूतीनंतर बऱ्याचदा आपोआप ओसरतो. डी क्वेरवेन बहुधा प्रसूतीनंतर सुरू होतो. दोन्ही एकाच हातात असणंही अशक्य नाही, मधुमेह्यांत तर मुळीच अशक्य नाही.

घरच्या घरी करण्याच्या चाचण्या

डी क्वेरवेनसाठी अंगठा तळहातावर दुमडा, त्यावर बाकीची बोटं मिटा आणि मूठ हळूच करंगळीच्या दिशेनं झुकवा. उंचवट्यावर झणझणीत कळ आली तर शंका पक्की. मात्र ही चाचणी धडधाकट माणसालाही थोडी दुखते. म्हणून दुसऱ्या हातावर तीच करून फरक बघायचा, आणि जोरात झटका द्यायचा नाही. बहुतेक जण हिला फिंकेलस्टाइनची चाचणी म्हणतात. त्याच्या मूळ पद्धतीत तपासणारा रोग्याचा अंगठा धरून हात करंगळीकडे ओढतो. मुठीची पद्धत आयकहॉफची आहे.

कार्पल टनेलसाठी दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावून, बोटं खाली करून मनगटं पूर्ण वाकवा आणि साठ सेकंद तसंच धरा. मुंग्या त्या साडेतीन बोटांत आल्या तरच अर्थ आहे. नुसतं मनगट दुखलं तर नाही. दुसरी चाचणी म्हणजे मनगटाच्या घडीपुढे तळहाताच्या बुडावर अंगठ्यानं तीस सेकंद दाब देणं. तीही भरवशाची आहे. शंका राहिली किंवा ऑपरेशनचा विचार असेल तर एनसीव्ही, म्हणजे नसेतून जाणाऱ्या विजेचा वेग मोजणारी तपासणी करतात. डी क्वेरवेनला तिचा उपयोग नाही, तिथे फार तर सोनोग्राफी.

तालमीत किंवा फुटबॉलच्या मैदानात हात टेकून पडल्यावर अंगठ्यामागचा तो खड्डा दुखत असेल, तर मामला वेगळा. ते स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाचं फ्रॅक्चर असू शकतं. पहिल्या एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो आणि तोवर हात प्लास्टरमध्ये ठेवतात. वस्तादाकडून मनगट 'बसवून' घेतलं तर हाडाचा तुकडा सरकण्याची भीती असते, आणि या हाडाचा रक्तपुरवठा आधीच तुटपुंजा असल्यामुळे ते जुळतच नाही असंही होतं. पन्नाशीनंतर अंगठ्याच्या अगदी मुळाच्या सांध्यात, म्हणजे उंचवट्याच्या पुढे, दुखत असेल तर ती सांध्याची झीज. आणि मान वळवल्यावर मुंग्या वाढत असतील तर मनगट सोडून मानेकडे बघावं.

पट्टा चुकतो कुठे

डी क्वेरवेनला अंगठा अडकला पाहिजे. मनगट बांधून अंगठा मोकळा ठेवणारा पट्टा हा त्या दोन कंडरांना काम करू देणारा पट्टा. मागायचा तो 'थम्ब स्पायका' स्प्लिंट: अंगठ्याचं मूळ आणि मनगट धरणारा, अंगठ्याचं टोक मोकळं सोडणारा. चार ते सहा आठवडे, काम करताना वापरायचा. दिवसातून दोन-तीनदा काढून अंगठा दुखणार नाही इतपत हलवायचा, नाहीतर तो आखडतो.

कार्पल टनेलला अंगठ्याची अडवणूक नको. हवं ते मनगट सरळ राहणं, तेही मुख्यतः रात्री, कारण झोपेत आपण मनगट दुमडून उशीखाली घालतो. मनगट वाकलं, मग आत असो वा बाहेर, बोगद्यातला दाब वाढतो. इथे एक बारीक गोष्ट सुटते. तयार स्प्लिंटमधली धातूची पट्टी बऱ्याचदा मागच्या बाजूला वीस-तीस अंश वाकवलेली येते. ती खिशातून बाहेर काढायची, टेबलाच्या कडेवर दाबून सरळ करायची आणि परत सरकवायची. सहा आठवडे रोज रात्री. पट्टा इतका आवळायचा नाही की बोटं निळी पडतील. सैल इलॅस्टिक मनगट वाकण्यापासून रोखत नाही आणि घट्ट इलॅस्टिक बोगद्यावरच दाब देतं.

चोळण्याबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. डी क्वेरवेनच्या दुखऱ्या उंचवट्यावर तेल लावून अंगठ्यानं रगडणं म्हणजे जाड झालेल्या आवरणावर आणखी घर्षण. त्यापेक्षा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं आणि वरून डायक्लोफेनॅकचं जेल. बी-१२ रक्तात कमी असेल तर जरूर घ्यावं, निव्वळ शाकाहारी माणसांत ते पुष्कळदा कमी असतं. पण दबलेल्या नसेवरचा दाब कॅप्सूलनं कमी होत नाही. त्याऐवजी साखर आणि थायरॉइड तपासून घेतलेले जास्त उपयोगी, कारण कार्पल टनेलच्या मागे या दोन्ही गोष्टी वारंवार सापडतात.

इंजेक्शन आणि ऑपरेशन

स्टेरॉइडचं इंजेक्शन दोन्हीकडे चालतं, पण सारखं नाही. डी क्वेरवेनमध्ये एक-दोन इंजेक्शनांत बहुतेकांचं काम होतं. ते फसतं तेव्हा बऱ्याचदा कारण असं की काहींच्या आवरणात मधे पडदा असतो आणि औषध एकाच कप्प्यात उतरतं. सोनोग्राफीखाली दिलं तर हे टळतं. जागा कातडीलगतची असल्यानं तिथे पांढरा डाग पडू शकतो, खालची चरबी झिजून खळगा होऊ शकतो. हे आधी सांगितलं नाही तर रोगी पुढे घाबरतो. कार्पल टनेलमध्ये इंजेक्शननं आराम पडतो, पण काही महिन्यांनी त्रास परतणं नेहमीचं. मधुमेह्यांची साखर इंजेक्शननंतर काही दिवस चढते, तेवढे दिवस रोज मोजावी.

ऑपरेशन दोन्हींचं छोटं, जागेवर भूल देऊन, त्याच दिवशी घरी. सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात किंवा हाताच्या सर्जनकडे दाखवावं. डी क्वेरवेनमध्ये आवरण उघडतात आणि तो मधला पडदा असेल तर तोही. शेजारच्या संवेदनेच्या बारीक नसेला इजा होऊ नये ही खरी काळजी. कार्पल टनेलमध्ये वरचा अस्थिबंध कापून बोगदा मोकळा करतात. रात्रीच्या मुंग्या बहुधा लगेच थांबतात, बधिरपणा जायला महिने लागतात, वाळलेला मांसल भाग कधी परत भरतच नाही. डी क्वेरवेनला थांबून चालतं. बोटं सतत बधिर राहू लागली तर कार्पल टनेलला थांबून चालत नाही.

कामात बदल

अंगठा आत दुमडून, त्याच्या सांध्यानं सड दाबत धार काढणाऱ्यांच्या अंगठ्यावर फार ताण येतो, शिवाय त्या पद्धतीनं सडालाही इजा होते. पूर्ण मुठीत सड धरून, बोटं वरून खाली क्रमानं मिटत धार काढली तर अंगठा मोकळा राहतो. म्हशीच्या सडाचं तोंड गाईपेक्षा घट्ट, त्यामुळे जोर जास्त लागतो. धारा दोघांत वाटून घेणं हाच निम्मा उपचार. बाळाला काखेत हात घालून उचलण्याऐवजी एक तळहात बुडाखाली आणि दुसरा पाठीखाली घालावा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत फेटलिंगवर, म्हणजे ओतीव भागांच्या कडा घासून साफ करण्याच्या कामावर, ग्राइंडर धरणाऱ्यांचा धोका मात्र कार्पल टनेलचा. थरथर आणि घट्ट पकड दोन्ही एकत्र येतात. तिथे नुसत्या जाड हातमोज्यावर भिस्त ठेवू नये; चाक एका बाजूला झिजलं असेल तर बदलावं, ग्राइंडर लागेल तेवढ्याच जोरानं धरावा आणि एकाच माणसाला पूर्ण पाळीभर त्यावर ठेवू नये.