व्हायरसचा खोटा इशारा आणि खरी लागण: फरक कसा ओळखाल?

संगणकाचा पडदा एकाएकी लाल होतो, भोंगा वाजू लागतो आणि मोठ्या अक्षरांत मजकूर झळकतो: ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडले आहेत. संगणक बंद करू नका. ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ विंडो बंद करायचं बटणही सापडत नाही. घाबरलेला माणूस फोन लावतो, आणि संगणकात एकही व्हायरस नसताना खरं नुकसान तिथून सुरू होतं.

हा पडदा बहुतेक वेळा एक साधं वेबपेज असतं. एखाद्या जाहिरातीवर क्लिक झालं किंवा साइटचा पत्ता टाइप करताना एक अक्षर चुकलं, तरी ते उघडू शकतं. परवानगीशिवाय कुठल्याही वेबपेजला तुमच्या डिस्कवरच्या फाइली वाचता येत नाहीत. त्यामुळे ‘स्कॅन चालू आहे’ म्हणत सरकणारी पट्टी म्हणजे आधीच बनवून ठेवलेलं चलच्चित्र. पेज पूर्ण पडदा व्यापतं ते मुख्यतः ब्राउझरची पत्त्याची पट्टी झाकण्यासाठी, कारण तो पत्ता दिसला तर सोंग उघडं पडेल. आपल्या एरर मेसेजमध्ये आणि इशाऱ्यांमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलेलं आहे. नंबर दिसला की इशारा खोटा समजा.

खरा इशारा कसा असतो? विंडोजमधला डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, काही पकडतो तेव्हा कोपऱ्यात छोटी सूचना येते, आणि विंडोज सिक्युरिटीमधल्या ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त त्याची नोंद होते: धोक्याचं नाव काय, फाइल कुठल्या फोल्डरमध्ये होती, तिचं पुढे काय केलं. शंका आली तर इशाऱ्यावर क्लिक करू नका. स्टार्ट मेनूतून विंडोज सिक्युरिटी स्वतः उघडा आणि तिथे नोंद आहे का पाहा. ही एक सवय लागली तरी पुष्कळ घरं फसवणुकीतून वाचतील.

फसवी गोष्ट अशी की कोपऱ्यातली सूचनाही खोटी असू शकते. ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असं सांगून काही साइट्स नोटिफिकेशनची परवानगी मिळवतात आणि मग अँटिव्हायरसच्या वेशात सूचना पाठवत राहतात. नीट पाहिलं तर त्या सूचनेवर ब्राउझरचं नाव आणि साइटचा पत्ता दिसतो. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या साइटची परवानगी काढली की त्या थांबतात.

खरी लागण बहुधा गाजावाजा करत नाही. डिफेंडर आपोआप बंद पडतो आणि पुन्हा चालू होत नाही. ब्राउझरमध्ये तुम्ही न टाकलेलं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) दिसतं. ओळखीचे लोक विचारतात, ‘ही कसली ईमेल पाठवलीस?’ नुसता संगणक मंद झाला म्हणून व्हायरस समजू नका. डिस्क भरलेली असली तरी तसंच होतं. सर्वांत जास्त काळजी वाटावी अशी जात म्हणजे पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर ते येतात, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज (तुम्ही आधीच लॉगिन केलंय हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी) उचलतात आणि कुठलीही खूण दाखवत नाहीत.

याला एक मोठा अपवाद आहे. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, स्वतःच पडदाभर घोषणा करतं. मे २०१७मध्ये पसरलेल्या वॉनाक्रायने बिटकॉइनमध्ये ३०० डॉलर मागितले होते. पण तिथे फाइली खरोखरच उघडेनाशा झाल्या होत्या. तुमचे फोटो आणि कागदपत्रं नेहमीसारखी उघडत असतील, तर ‘फाइली लॉक केल्या’ हा दावा खोटा आहे.

खोट्या इशाऱ्यावर उपाय छोटा आहे. एस्केप दाबून धरा. जमलं नाही तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडल्यावर ‘आधीची पेजेस परत आणू का?’ असं विचारलं, तर नको म्हणा. फोन करून कोणाला संगणकाचा ताबा दिला असेल, तर मात्र खरी लागण झाली असंच धरा आणि बँकेला लगेच कळवा. हे लोक ‘इव्हेंट व्ह्यूअर’ (विंडोजमधल्या घडामोडींची नोंदवही) उघडून लाल खुणा पुरावा म्हणून दाखवतात. तशा नोंदी धडधाकट संगणकातही असतात.

खऱ्या लागणीत आधी इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला, ईमेलचा सर्वांत आधी, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्यावरूनच रीसेट होतात. लागण झालेल्या संगणकावर नवा पासवर्ड टाइप केला तर तोही चोराच्या हाती जाऊ शकतो. ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ विसरू नका. चोरलेली कुकी पासवर्ड बदलल्यावरही चालू राहू शकते. त्यानंतर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपणं अवघड जातं. साधारण १५ मिनिटं लागतात. तोवर बॅकअपची डिस्क अजिबात जोडू नका.

पासवर्ड चोरणारं काही सापडलं, तर मी साफसफाईवर विसंबणार नाही. विंडोज नव्याने टाकावं असंच सुचवेन. बॅकअपमधून फोटो आणि कागदपत्रं परत घ्या, पण प्रोग्रॅम तिथून उचलू नका. ते मूळ साइटवरून पुन्हा उतरवा.