वायुरसायनाच्या मॉडेलांची जाळी: हजार किलोमीटरपासून चारशे मीटरपर्यंत

पुण्याच्या हवेचा उद्याचा अंदाज वाचताना पहिला प्रश्न पडायला हवा तो हा, की अंदाजातला आकडा नेमका कोणत्या पुण्याचा आहे. भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यातली, शिवाजीनगरच्या चौकातली आणि पाषाणच्या टेकडीलगतची हवा एकाच सकाळी वेगवेगळी असते. पण अंदाज देणारे संगणकीय मॉडेल प्रदेशाचे चौकोन पाडून ज्या जाळीवर चालते तिचा एकच चौकोन या तिन्ही ठिकाणांना पोटात घेण्याइतका मोठा असेल, तर मॉडेलच्या लेखी ती तिन्ही ठिकाणे एकच ठरतात. चौकोनाच्या या आकारावर मॉडेलचे अवकाशीय विभेदन, म्हणजे ते किती बारीक तपशील दाखवू शकते हे ठरते, आणि तो आकार लहान करत नेण्याचा प्रयत्न गेली शंभर वर्षे चालू आहे.

त्याची सुरुवात रसायनातून नव्हे, तर हवामानाच्या गणितातून झाली. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या हाती केलेल्या आकडेमोडीत चौकोनाची बाजू सुमारे २०० किलोमीटर होती, आणि सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल असे अशक्य उत्तर निघाले होते. १९५० साली एनिअ‍ॅक या संगणकावर पहिला अंदाज चालवला तेव्हा जाळीतल्या दोन बिंदूंमध्ये ७३६ किलोमीटरचे अंतर होते. जाळी बारीक करण्याची किंमत मोठी असते: चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोनांची संख्या चौपट होते, आणि गणित स्थिर राहावे म्हणून काळाचा टप्पाही निम्मा करावा लागतो, त्यामुळे एकूण काम आठपट वाढते.

रसायनाची भर पडल्यावर हा बोजा आणखी वाढला. पॉल क्रुट्झन यांनी १९७० साली नायट्रोजन ऑक्साइडांचा ओझोनशी असलेला संबंध मांडला, १९७४ साली मोलिना आणि रोलँड यांनी क्लोरोफ्लुरोकार्बनांचा ओझोन थराला असलेला धोका दाखवला, आणि वातावरणातल्या वायूंचा हिशोब संपूर्ण पृथ्वीसाठी करण्याची निकड स्पष्ट झाली. परंतु अशा मॉडेलमध्ये प्रत्येक चौकोनात डझनावारी, कधी शंभराहून अधिक रासायनिक घटकांचा हिशोब ठेवावा लागतो. त्यांतले काही क्षणार्धात नाहीसे होतात, तर काही वर्षानुवर्षे टिकतात, आणि दोन्ही एकाच समीकरणसंचात बसवायचे असल्याने साधी पद्धत चालत नाही. म्हणून १९८०च्या दशकातल्या मोगुंशिया या जागतिक मॉडेलचे चौकोन अक्षांश-रेखांशाच्या दहा-दहा अंशांचे, म्हणजे सुमारे ११०० किलोमीटरांचे होते. १० ते २० अंश उत्तर आणि ७० ते ८० अंश पूर्व असा एक चौकोन कल्पिला, तर मुंबई, पुणे, गोवा, हैदराबाद आणि बंगळूर ही सगळी ठिकाणे, शिवाय अरबी समुद्राचा एक तुकडा, त्या एकाच चौकोनात येतात.

तापमानाची किंवा दाबाची सरासरी काढली तर तपशील हरवतो, पण सरासरी म्हणून ती खरी राहते. रसायनात मात्र सरासरीच फसवी ठरते, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाचे मर्म इथेच आहे. दोन वायूंमधल्या अभिक्रियेचा वेग त्यांच्या प्रमाणांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. सह्याद्रीच्या जंगलांतून निघणारा आयसोप्रीन हा वायू चौकोनाच्या पश्चिम भागात असेल आणि पिंपरी-चिंचवडच्या वाहनांचे नायट्रोजन ऑक्साइड पूर्वेकडे असतील, तर प्रत्यक्षात वारा त्यांना एकत्र आणेपर्यंत त्यांची गाठ पडत नाही. मोठ्या चौकोनात मात्र दोन्ही त्याच क्षणी सर्वत्र मिसळले गेले असे धरले जाते. शिवाय वर्दळीच्या रस्त्यावर ताजा नायट्रिक ऑक्साइड जमिनीलगतच्या ओझोनला खाऊन टाकतो, आणि तोच धूर पुढे विरळ होत गेल्यावर उन्हात ओझोन घडवतो. चौकोन मोठा असला की हा धूर निघताक्षणीच विरळ झालेला दिसतो, शहरात ओझोन कमी होतो ही अवस्थाच वगळली जाते, आणि ओझोनचे उत्तर बहुधा प्रत्यक्षापेक्षा जास्त येते.

यावर निघालेला एक मार्ग म्हणजे मोठ्या जाळीच्या आत निवडक प्रदेशापुरती बारीक जाळी बसवणे, आणि दुसरा म्हणजे मोठ्या चिमणीच्या धुराचा माग वेगळा ठेवून तो पुरेसा पसरल्यावरच चौकोनात सोडणे. २००५ साली मांडल्या गेलेल्या डब्ल्यूआरएफ-केम या मॉडेलने हवामान आणि रसायन एकाच जाळीवर, एकाच वेळी सोडवले, आणि प्रादेशिक कामाची दिशा बदलली.

पुण्याचा या कामाशी जुना संबंध आहे. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून इथे आले, १९६२ साली आजची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था सुरू झाली, आणि १९९१ साली सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेने परम ८००० हा महासंगणक इथेच तयार केला. या हवामानशास्त्र संस्थेने २०१० साली राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीत ‘सफर’ ही हवेच्या अंदाजाची व्यवस्था उभी केली आणि पुढे ती पुण्यातही आणली. २०१८ साली पाषाणमध्ये ४ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला चार हजार लाख कोटी आकडेमोडी करण्याच्या क्षमतेचा ‘प्रत्युष’ हा महासंगणक आला, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या दिल्लीच्या हवा-प्रदूषणाच्या पूर्वसूचना प्रणालीत पुढे डब्ल्यूआरएफ-केमवर आधारित ४०० मीटरची जाळी वापरात आली.

संगणकाची अडचण अशी कमी झाली, तरी चौकोन लहान केल्यावर त्यात नेमके काय भरायचे हा प्रश्न उरतोच. कोणत्या गल्लीत किती वाहने जातात, कुठे लाकूडफाट्यावर स्वयंपाक होतो, कुठे कचरा जळतो, हे चौकोनागणिक ठाऊक नसेल, तर बारीक जाळी म्हणजे जुन्या ढोबळ आकड्यांची वाटणी ठरते. म्हणूनच शहरभर फिरून उत्सर्जनाची मोजदाद करणाऱ्यांचे काम मॉडेल लिहिणाऱ्यांच्या कामाइतकेच मोलाचे आहे, आणि त्याची पुरेशी दखल घेतली जात नाही असे मला वाटते. उपग्रहांनीही मदत केली: १९९५च्या गोम या वायू मोजणाऱ्या उपकरणाचा एक ठिपका, म्हणजे एका मोजणीत येणारा जमिनीचा तुकडा, ४० बाय ३२० किलोमीटरचा होता, तर २०१७च्या ट्रोपोमीचा ७ बाय ३.५ किलोमीटरचा होता, आणि २०१९पासून तो आणखी लहान झाला.

आडव्या जाळीइतकेच उभे थरही महत्त्वाचे असतात. हिवाळ्यात पुण्याच्या खोलगट भागात रात्री थंड हवा तळाशी साचते आणि धूर जमिनीलगतच्या उथळ थरात कोंडतो. मॉडेलचा सर्वात खालचा थर त्याहून जाड असेल, तर चौकोन कितीही बारीक केला तरी पहाटेचे प्रमाण कमीच दिसेल. दिवसा अडचण उलटी असते. उन्हाने तापलेल्या हवेतले भोवरे सुमारे एक किलोमीटर आकाराचे असतात, त्यामुळे काहीशे मीटरच्या जाळीत ते धड पूर्ण उमटत नाहीत आणि चौकोनात न दिसणाऱ्या भोवऱ्यांचा सरासरी परिणाम धरणाऱ्या जुन्या सूत्रांतही बसत नाहीत. ही सूत्रे या आकारासाठी नव्याने लिहिण्याचे काम जगभर अजून चालू आहे.