इंग्लंडमधील पॅरिश नोंदवह्या आणि कुळशोध

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारी वस्ती. इंग्लंडमध्ये अशा प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवायची हा नियम १५३८ पासूनचा. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी तिथे १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. त्याआधीच्या तीनशे वर्षांतला साधा माणूस शोधायचा तर या वह्यांवाचून फारसा मार्ग नाही. जमीनजुमला असलेल्यांची नावे खरेदीखतांत आणि मृत्युपत्रांत सापडतात. शेतमजुराचे नाव आयुष्यात तीनदा लिहिले गेले असेल तर ते इथेच. मराठी वाचकाला त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आठवतील, पण साम्य वरवरचे आहे. तिथे यजमान स्वतः बसून आपले कूळ सांगतो. इथे पाळक समोर झालेला विधी लिहून मोकळा होतो. एक नोंद दुसरीला जोडण्याचे काम शोधणाऱ्याकडेच राहते.

आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबर १५३८ मध्ये हा हुकूम काढला. आठवडाभरातले विधी रविवारी चर्चवॉर्डनच्या (चर्चचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्याच्या) देखत लिहायचे आणि वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची, असे त्यात होते. ही नव्या कराचीच तयारी, अशी कुजबुज लोकांत सुरू झाली. सुरुवातीची बरीच पाने साध्या कागदावर होती, आणि ओल व उंदीर यांनी त्यांचा फडशा पाडला. १५९८ मध्ये आदेश आला की यापुढे चर्मपत्रावर लिहावे आणि जुने त्यावर उतरवून काढावे, विशेषतः एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनचे. उतरवणाऱ्यांनी ‘विशेषतः’ एवढाच शब्द मनावर घेतला! म्हणूनच असंख्य गावांच्या वह्या १५५८ पासून सुरू होतात. त्याच सुमारास दरवर्षी वहीची नक्कल बिशपच्या कचेरीत पाठवणे सक्तीचे झाले. मूळ पान फाटले असेल तेव्हा ही नक्कल कामी येते. कधीकधी दोन्हींत फरक निघतो, आणि नेहमी मूळच बरोबर असते असेही नाही.

या वह्या किती सांगतात आणि कुठे गप्प बसतात, हे पाहायला स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनची वही उत्तम. तिथे २६ एप्रिल १५६४ खाली ‘गुलिएल्मस फिलिउस जोहान्नेस शाक्सपेर’ अशी ओळ आहे. म्हणजे जॉन शेक्सपिअरचा मुलगा विल्यम. (चोख लॅटिनमध्ये ‘जोहान्निस’ हवे होते, व्याकरणाच्या चुका या वह्यांत पदोपदी भेटतात.) ही तारीख बाप्तिस्म्याची आहे. २३ एप्रिल हा जगभर साजरा होणारा वाढदिवस निव्वळ अंदाज आहे. आईचे नाव नोंदीत नाही. ज्या पानावर ती ओळ आहे तेही मूळ पान नव्हे, १६०० च्या सुमारास चर्मपत्रावर उतरवलेली नक्कल आहे.

पुढे त्याच्या लग्नाची वहीतली नोंद मिळतच नाही. मिळतो तो वूस्टरच्या बिशपच्या कचेरीतला २८ नोव्हेंबर १५८२ चा जामीनकतबा. स्ट्रॅटफर्डचे दोन शेतकरी ४० पौंडांना जामीन राहिले आहेत आणि वधू आहे अ‍ॅन हॅथवे. आदल्या दिवशी त्याच कचेरीच्या दप्तरात मात्र वधूचे नाव टेम्पल ग्राफ्टनची अ‍ॅन व्हेटली असे पडले आहे. या दुसऱ्या अ‍ॅनवर पुष्कळ कथा रचल्या गेल्या. बहुतेक अभ्यासक ती कारकुनाची चूक मानतात. थोरली मुलगी सुझॅना हिचा बाप्तिस्मा २६ मे १५८३ चा. लग्नाचे कागद आणि हा बाप्तिस्मा यांत जेमतेम सहा महिने, म्हणजे लग्नाची घाई कशासाठी होती ते वेगळे सांगायला नको. जुळी मुले हॅम्नेट आणि ज्युडिथ यांची नोंद २ फेब्रुवारी १५८४ खाली येते. आपल्या हिशेबाने ते साल १५८५.

सालाचा हा घोळ नवख्याला हमखास फसवतो. १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे एप्रिलमध्ये लग्न आणि ‘त्याच वर्षी’ फेब्रुवारीत मूल असे दिसले तर ते लग्नानंतर दहा महिन्यांनी झालेले असते. जानेवारी ते २४ मार्चच्या तारखांना म्हणून १५८४/८५ असे जोडसाल लिहितात. १७५२ मध्ये पंचांग बदलले आणि २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. लॅटिन १७३३ पासून कायद्याने बंद झाले. तोवर जेम्स हा ‘जेकोबस’ असतो आणि विधवा ‘विदुआ’ किंवा ‘रेलिक्टा’.

१६४२ नंतर राजा आणि पार्लमेंट यांच्यात झालेल्या यादवीत वह्यांना मोठी भोके पडली. १६५३ मध्ये हे काम पाळकाकडून काढून गावाने निवडलेल्या कारकुनाकडे दिले आणि लग्ने न्यायाधीशासमोर लावायचे ठरले. १६६० मध्ये राजा परतल्यावर सगळे पूर्वपदावर आले. या मधल्या काळात जन्मतारखा मिळतात. दफनाच्या नोंदीपुढे कधी ‘अ‍ॅफि.’ असे त्रोटक अक्षर दिसते. लोकरीचा धंदा सांभाळण्यासाठी प्रेताला लोकरीच्याच कापडात गुंडाळण्याचा कायदा होता. तसे केल्याच्या शपथपत्राची (अ‍ॅफिडेव्हिटची) ती खूण. कराची जुनी भीतीही अखेर खरी ठरली. १६९५ पासून काही वर्षे जन्म, विवाह आणि दफन यांवर कर होता. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीला तीन पेन्स पडत. गरिबांना माफी असल्याने त्यांच्या नावापुढे ‘पी’ (पॉपर, म्हणजे कंगाल) लिहीत.

लग्नांची खरी शिस्त हार्डविकचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विवाह कायद्याने आणली. त्याआधी लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास पैसे घेऊन झटपट लग्ने लावणारे पाळक होते, आणि मागची तारीख टाकून द्यायलाही त्यांची हरकत नसे. २५ मार्च १७५४ पासून चर्चमध्ये तीन रविवारी जाहीर पुकारा किंवा परवाना, छापील वही, वधूवर आणि साक्षीदारांच्या सह्या हे सगळे आवश्यक झाले. लिहिता न येणारा फुली मारी. क्वेकर (एक स्वतंत्र ख्रिस्ती पंथ) आणि यहुदी सोडून सर्वांना, कॅथलिक आणि बॅप्टिस्ट अशा इतर पंथीयांनाही, लग्न चर्च ऑफ इंग्लंड या राजमान्य पंथाच्या याच चर्चमध्ये लावावे लागे. म्हणून त्यांची लग्ने इथे सापडतात आणि मुलांचे बाप्तिस्मे मात्र दुसरीकडे शोधावे लागतात.

मजकुराच्या दृष्टीने सर्वांत श्रीमंत वह्या यॉर्कशरच्या. विल्यम डेड या पाळकाच्या आग्रहाने १७७० च्या दशकापासून तिथे बाळाच्या नोंदीत आजी-आजोबांची नावे, गावे आणि व्यवसायही लिहू लागले. एका ओळीत तीन पिढ्या! कित्येक पाळकांना हा जाच वाटला. १८१३ पासून देशभर एकच छापील नमुना आला. त्यात बापाचा व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण मिळते, मृताचे वयही मिळते, पण आजी-आजोबा गळाले आणि जन्मतारखेला रकाना नाही. याच कायद्यात खोट्या नोंदीला १४ वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा होती आणि पुढच्या कलमात दंडाचा अर्धा वाटा खबऱ्याला. कलमे शब्दशः वाचली तर खबऱ्याच्या वाट्याला सात वर्षे यायची!

शोध उलट्या दिशेने करतात. आधी १८३७ नंतरचे दाखले, मग १८५१ ची जनगणना, कारण तीत जन्माचे पॅरिश दिलेले असते. त्यानंतर त्या पॅरिशची वही. इंग्लंडमध्ये मुलांना आजोबांची, काकांची नावे ठेवण्याची रीत असल्याने एकाच गावात एकाच वयाचे दोन जॉन स्मिथ सहज निघतात. तेव्हा बाप्तिस्मा सापडला की लगेच दफनाची पाने चाळावीत. आपण पूर्वज मानलेले बाळ दोन महिन्यांचे असताना गेलेले असू शकते, आणि मग त्याच नावाचा दुसरा जॉन शोधावा लागतो. वंशवृक्षांतल्या निम्म्या चुका या एका कंटाळ्यातून होतात, असे मला वाटते. वहीत अडले की पॅरिशच्या पेटीतले इतर कागद पाहतात. १६६२ च्या कायद्यानंतर गरिबाला पोसायचे कोणत्या गावाने यावरून गावागावांत तंटे होत. त्या चौकशीतल्या जबान्यांत एखाद्या मजुराचे सगळे आयुष्य येऊन जाते.

१९७९ पासून शंभर वर्षांवरच्या वह्या सहसा जिल्ह्याच्या अभिलेखागारात ठेवाव्या लागतात, आणि पुष्कळशांची छायाचित्रे संगणकावर पाहता येतात. ‘फॅमिलीसर्च’ आणि स्वयंसेवकांचे ‘फ्रीरेग’ ही संकेतस्थळे फुकट आहेत. सूची म्हणजे नोंद नव्हे, एवढे लक्षात ठेवून मूळ पानाचे चित्र उघडावे. मे २०२१ मध्ये लग्नाची वही बंद होऊन नोंद संगणकावर गेली, तेव्हा कुठे वधूवरांच्या आयांची नावे त्यात आली.

माणसाचा बाप्तिस्मा गावात सापडतो आणि दफन कुठेच सापडत नाही, तेव्हा तो समुद्रापार गेलेला असण्याचा संभव असतो. कंपनीच्या अमलात मुंबई इलाख्यातल्या चर्चनी आपल्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन मालिका आहेत, त्यांत मुंबईची १७०९ पासूनची. नॉरफकच्या एखाद्या खेड्यातल्या वहीत अर्धवट राहिलेले नाव अशा वेळी पुण्याच्या लष्कर भागातल्या किंवा फोर्टमधल्या सेंट थॉमसच्या पानावर, वय आणि पलटणीसह पुरे होते.