गार झाल्यावर सुरू होणारी गाडी

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा-एरंडोल पट्ट्यात दुपारी बॉनेट उघडून रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात. त्यातल्या काहींची तक्रार एकच: चालता चालता इंजिन गपकन बंद पडलं, सेल्फ मारून मारून सुरू होईना आणि अर्ध्या-पाऊण तासाने मात्र पहिल्याच सेल्फला सुरू झालं. गॅरेजात पोचेपर्यंत गाडी ठणठणीत. फिटरला दोष दिसत नाही, मग अंदाजाने प्लग, फिल्टर, पंप बदलला जातो. माझ्या मते हे पैसे बहुतेकदा वाया जातात, कारण ‘गार झाल्यावर सुरू होते’ हाच सगळ्यात मोठा पुरावा असतो आणि त्याच्याकडेच दुर्लक्ष होतं.

आधी गाडी कशी बंद पडली ते आठवा. झटके खात, पिकअप सोडत बंद पडली असेल तर पेट्रोलच्या पुरवठ्यावर संशय घ्यावा. फक्त सिग्नलला, रेस सोडल्यावर बंद पडत असेल तर थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या भागात) साचलेला काळा थर पाहावा. पण दिव्याचं बटण दाबावं तशी क्षणात बंद पडली, तर दोष बहुधा विजेचा असतो. रिले (विजेवर चालणारा स्विच), वायरिंग किंवा क्रँक सेन्सर.

या सेन्सरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. क्रँकशाफ्टबरोबर, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याबरोबर, एक दातेरी चाक फिरतं. अनेक गाड्यांत त्यावर ६० दातांची जागा असून दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. जवळ बसवलेल्या सेन्सरमध्ये चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. प्रत्येक दात समोरून गेला की तारेत विजेचा एक ठोका उमटतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला २९०० ठोके. गाळलेल्या दातांच्या रिकाम्या जागेवरून पिस्टन कुठे आहे हे ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाला, कळतं आणि करंट कधी द्यायचा, पेट्रोल कधी फवारायचं, हे ते ठरवतं. तारेला बारीक तडा गेला असेल तर तापल्यावर भाग प्रसरण पावतात, तडा उघडतो आणि ठोके थांबतात. गार झाल्यावर टोकं पुन्हा टेकतात. इंजिन बंद झाल्यावर वारा लागत नाही, त्यामुळे बॉनेटखालचा भाग आधी आणखी तापतो. सुरू व्हायला इतका वेळ लागतो तो म्हणूनच.

गोंधळ इथेच होतो. ठोके थांबले की ईसीयू करंट आणि पेट्रोल दोन्ही बंद करतं, पंपाचा रिलेही सोडून देतं. फिटर पाहतो तर पंप चालत नाही, म्हणून पंप बदलतो. त्याऐवजी बंद पडलेल्या जागीच, बाजूला सुरक्षित उभं राहून, दोन गोष्टी पाहा. चावी नुसती ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची घरघर ऐकू येते का? आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का? घरघर आहे पण काटा शून्यावरच, तर संशय सेन्सरवर. (काही गाड्यांत काटा सेल्फच्या वेळी तसाही हलत नाही.) काटा हलतो पण घरघर नाही, तर पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले. पंप टाकीतल्या पेट्रोलमुळेच गार राहतो, म्हणून उन्हाळ्यात टाकी पाव भागाखाली नेऊ नये.

मात्र सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरत असेल तर लगेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटला असू शकतो. पुन्हा सेल्फ मारल्यास व्हॉल्व्ह वाकण्याचा धोका असतो.

गॅरेजात स्कॅनर लावल्यावर पी०३३५ हा कोड मिळाला तर तो क्रँक सेन्सरच्या सर्किटकडे बोट दाखवतो, पण कोड न उमटताही दोष असू शकतो. चांगला फिटर अशा वेळी वेटोळ्याच्या सेन्सरला मल्टिमीटर लावून हीट गनने शेकतो. गार असताना काहीशे ओहम दाखवणारा मीटर तापल्यावर एकदम खुली वायर (सर्किट तुटलेलं) दाखवू लागला की निदान पक्कं. नवा सेन्सर बसवताना कनेक्टरच्या पिना आणि सायलेन्सरजवळून जाणारी वायर घासली आहे का, हेही बघून घ्यावं.

दुरुस्तीनंतरची फेरी संध्याकाळच्या गारव्यात घेऊ नका. दुपारच्या उन्हात एसी लावून तासभर चालवा, मग गरम इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारून पाहा.