तंतुकणिका
तंतुकणिका : प्राणी, वनस्पती, कवके आणि बहुतेक एकपेशीय दृश्यकेंद्रकी (पेशीत स्पष्ट केंद्रक असलेल्या) सजीवांच्या पेशींत आढळणारे, दोन पटलांनी वेढलेले पेशीअंगक. अन्नघटकांच्या ऑक्सिडीकरणातून मिळणारी ऊर्जा एटीपी या रेणूच्या रूपाने पेशीला उपलब्ध करून देणे हे तिचे मुख्य कार्य होय. आतील पटलावरील प्रथिने हायड्रोजन आयन पलीकडे ढकलतात आणि ते परत येताना एटीपी सिंथेज हे विकर एटीपी तयार करते, ही उपपत्ती पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली. तिच्यासाठी त्यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिका नसतात.

रिखार्ट आल्टमान यांनी १८९० मध्ये या कणांना ‘बायोब्लास्ट’ म्हटले आणि ते पेशीत राहणारे मूलभूत सजीव घटक असावेत, असे सुचवले. कार्ल बेंडा यांनी १८९८ मध्ये ग्रीक ‘मायटॉस’ (धागा) आणि ‘काँड्रिऑन’ (कण) या शब्दांवरून आजचे नाव घडवले. मराठी संज्ञा त्याचाच अनुवाद असून ती वस्तुस्थितीला धरून आहे : आकृत्यांत सुट्या लंबगोल दिसणाऱ्या तंतुकणिका जिवंत पेशीत धाग्यांसारख्या लांबतात, एकमेकींत मिसळतात आणि पुन्हा तुटतात.

उगमाचा प्रश्न : तंतुकणिका मुळात स्वतंत्र जीवाणू होती, या मताला १९६० नंतर भक्कम आधार मिळाला. मार्गिट व सिल्व्हन नास यांनी १९६३ मध्ये कोंबडीच्या भ्रूणपेशींतील तंतुकणिकांत डीएनएचे तंतू दाखवले आणि लिन मार्ग्युलिस (तेव्हाच्या सेगन) यांनी १९६७ मध्ये अंतःसहजीवनाची (एक सजीव दुसऱ्याच्या पेशीत राहून तिचाच भाग बनतो, ही) उपपत्ती सविस्तर मांडली. हा जीवाणू अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया गटाच्या नात्यातला होता, हे आता सर्वमान्य आहे. मात्र तो रिकेट्सियांच्या (इतरांच्या पेशींत राहणाऱ्या परजीवी जीवाणूंच्या) शाखेतला, की ज्ञात अल्फाप्रोटिओबॅक्टेरियांच्या विविधतेपूर्वीच वेगळ्या झालेल्या शाखेतला (हे मत २०१८ मध्ये पुढे आले), यावर एकमत नाही. घटनेचा काळ साधारणपणे १५० ते २०० कोटी वर्षांपूर्वीचा मानतात. जीवाश्मांचा पुरावा तुटपुंजा असल्याने हा अंदाज ढोबळच समजावा.

या जीवाणूला सामावून घेणारी यजमान पेशी कोणती, हा अधिक कठीण प्रश्न. केंद्रक आधी आले आणि तंतुकणिका नंतर, असे मानणाऱ्यांनी एकेकाळी जिआर्डियासारख्या, तंतुकणिका नसलेल्या वाटणाऱ्या एकपेशीय सजीवांकडे बोट दाखवले होते. परंतु २००३ मध्ये जिआर्डियातही तंतुकणिकेचा अवशेष सापडला. चिंचिला या प्राण्याच्या आतड्यातून मिळवलेल्या मोनोसर्कोमोनॉइड्स या एकपेशीय सजीवात २०१६ मध्ये तंतुकणिकेचा कोणताही मागमूस आढळला नाही, तरी त्याच्या जवळच्या आप्तांत ती आहे. म्हणजे हा अभाव आदिम नसून नंतर आलेला आहे. उत्तर अटलांटिक समुद्रतळाच्या गाळातील डीएनएवरून २०१५ मध्ये लोकीआर्किओटा या आर्कियांची (जीवाणूंसारख्या केंद्रकहीन, पण वेगळ्या गटातील सूक्ष्मजीवांची) ओळख पटली आणि दृश्यकेंद्रकींची खूण मानली जाणारी काही प्रथिने घडवणारी जनुके त्यांच्यात दिसली; त्यामुळे यजमान पेशी त्यांच्या नात्यातली असावी, असे मानले जाते. जपानी संशोधकांनी बारा वर्षांच्या प्रयत्नांनंतर त्यांचा एक आप्त प्रयोगशाळेत वाढवला आणि २०२० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो सहचर सूक्ष्मजीवांच्या सोबतीनेच वाढतो. त्याच्या इवल्याशा पेशीत अंगके नाहीत, पण तिच्यातून लांब, फांद्या फुटलेले बाहू निघतात. ही पेशी पाहिल्यावर, जीवाणूला ‘गिळण्या’पेक्षा हायड्रोजनसारख्या पदार्थांच्या देवघेवीतून जवळ आलेल्या सोबत्याला हळूहळू वेढून घेणे अधिक संभवनीय वाटते. असेच मत विल्यम मार्टिन व मिक्लोस म्युलर यांनी १९९८ मध्ये वेगळ्या पुराव्यांवरून मांडले होते.

जनुकसंच : मूळ जीवाणूची बहुतेक जनुके नष्ट झाली किंवा केंद्रकात गेली. मानवी तंतुकणिकेचा वर्तुळाकार डीएनए (क्रमनिश्चिती १९८१) १६,५६९ बेसजोड्यांचा असून त्यात ३७ जनुके आहेत. त्यांपैकी फक्त १३ प्रथिनांसाठी आहेत. ही घट किती टोकाला जाऊ शकते, हे हेनेग्विया साल्मिनिकोला दाखवतो. साल्मन माशाच्या स्नायूंत राहणारा, जेलीफिशच्या दूरच्या नात्यातील हा परजीवी जेमतेम काही पेशींचा आहे. २०२० मध्ये त्याच्यात तंतुकणिकेचा जनुकसंच नसल्याचे आढळले. त्याच पद्धतींनी तपासलेल्या जवळच्या जातीत तो सापडला, म्हणून निष्कर्ष विश्वसनीय ठरतो. घड्या असलेल्या पटलांचे अंगक मात्र त्याच्या पेशींत टिकून आहे.

वारसा : प्राण्यांत तंतुकणिका सहसा आईकडूनच येतात. शुक्रपेशीच्या मध्यभागी त्या शेपटीच्या अक्षाभोवती मळसूत्रासारख्या गुंडाळलेल्या असतात, परंतु फलनानंतर नष्ट होतात. सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या सूत्रकृमीत पित्याच्या तंतुकणिकेतीलच एक विकर आतल्या भागात शिरून तिचा डीएनए तोडते, असे २०१६ मध्ये दिसले. म्हणजे नाशाची सुरुवात अंडपेशीकडून नव्हे, आतूनच होते. काही शिंपल्यांत नर आपल्या तंतुकणिका पुत्रांना देतात, हा ठळक अपवाद. माणसात दोन्ही पालकांकडून वारसा येतो, हा २०१८ मधील दावा मात्र केंद्रकात शिरलेल्या तंतुकणिका-डीएनएच्या प्रतींमुळे झालेल्या गल्लतीने अधिक समाधानकारकपणे उलगडतो. मानवी शुक्रपेशींत अखंड तंतुकणिका-डीएनए जवळजवळ नसतोच, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निरीक्षणही त्याला पूरक आहे.

सदोष तंतुकणिका-डीएनए असलेल्या मातांसाठी फलित अंड्यातील केंद्रके निरोगी दात्रीच्या, केंद्रके काढलेल्या फलित अंड्यात हलवण्याचे तंत्र ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायदेबदलाने मान्य झाले. न्यूकॅसल येथे या तंत्राने जन्मलेल्या ८ बालकांचा वृत्तांत २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात सदोष डीएनए एकतर आढळला नाही किंवा रोग होण्याइतका नव्हता.