बर्फ वितळतो तिथेच समुद्र उतरतो

गोदेला पूर आला की नाशिककर एकच विचारतो, 'दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?' नदीपात्रातल्या त्या मूर्तीच्या कमरेला, छातीला, गळ्याला. पाणी वाढलं म्हणजे सगळीकडे सारखं चढणार, असं आपण धरूनच चालतो. समुद्राचं तसं नाही.

आर्क्टिकमधला तरंगता बर्फ वितळून समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. पेल्यातला बर्फ विरघळला तरी पाणी काठाबाहेर सांडत नाही, तसंच हे. काळजी आहे ती जमिनीवरच्या बर्फाची. ग्रीनलंडवर त्याचा थर काही ठिकाणी तीन किलोमीटरहून जाड आहे.

आता खरी गंमत. एवढ्या वस्तुमानाला गुरुत्वाकर्षण असतंच. चंद्र समुद्राला ओढतो म्हणून भरती येते, तसा हा बर्फही भोवतीचं पाणी स्वतःकडे ओढून धरतो. त्यामुळे ग्रीनलंडच्या किनाऱ्याला समुद्र थोडा फुगलेला असतो. बर्फ घटला की ओढ सैल पडते आणि धरून ठेवलेलं पाणी दूर पसरतं. शिवाय वरचं ओझं उतरल्याने खालचा खडकही हळूहळू वर उचलला जातो. म्हणून ग्रीनलंडपासून साधारण २,००० किलोमीटरच्या आत समुद्र उलट खाली जातो आणि फार लांबच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढतो! बर्फाच्या या ओढीचं गणित अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्ड यांनी १८८८ मध्येच मांडलं होतं.

ही ओढ मोजताही येते. २००२ मध्ये 'ग्रेस' नावाचे दोन उपग्रह सोडले, एकामागे एक, सुमारे २२० किलोमीटर अंतराने. खाली वस्तुमान जास्त असलं की पुढचा आधी खेचला जातो आणि दोघांतलं अंतर किंचित वाढतं. केसाच्या जाडीहूनही कमी असलेला हा फरक टिपून शास्त्रज्ञ बर्फाचं वजन करतात. ग्रीनलंड वर्षाला सरासरी २७० अब्ज टन बर्फ गमावतंय, हे त्यातूनच कळलं. आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र २००८ पासून आहे. तिथल्या हिमनदीत आपले संशोधक काठ्या रोवतात आणि बर्फ उतरून त्या किती उघड्या पडल्या ते मोजतात. मला दोन्ही पद्धती सारख्याच भावतात.

परवा मोबाइलवर चित्रफीत आली, 'मुंबई दहा वर्षांत बुडणार', खाली शेरा, 'पाप वाढलं'. ग्रीनलंड पूर्ण वितळलं तर समुद्र सुमारे सात मीटर चढेल, पण त्याला कित्येक शतकं लागतील. पापाचा संबंध नाही, कोळसा आणि तेल जाळण्याचा आहे.

नाशिक समुद्रापासून सुमारे ६०० मीटर उंच. पण आपली गंगा, म्हणजे गोदावरी, ब्रह्मगिरीवरून निघते आणि १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाजवळची भातशेती समुद्रापेक्षा जेमतेम काही मीटर वर आहे, आणि ग्रीनलंडपासून फार लांब.